अटन, विजन आणि एक कालवा

‘कालवा’ ह्या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत. एक पाटाचे मोठे रूप, म्हणजे धरणातून काढलेला पाण्याचा मार्ग. आणि दुसरा गोंगाट, कोलाहल. ‘एकच कालवा झाला’ असे आपण म्हणतो, तेव्हा पाण्याचा काही संबंध नसतो. आम्ही दोघे बीडमधील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. दोघांनीही चाळिशी ओलांडली आहे आणि शब्दार्थांत रमण्याची खोड व्यवसायानेच लावलेली आहे. त्यामुळे गेली काही वर्षे कालव्याकाठाने सायकली घेऊन हिंडताना ह्या शब्दाची गंमत आम्हांला पुनःपुन्हा जाणवत आली. ज्याच्या काठी जिल्ह्यातील सर्वांत कमी गोंगाट आहे, त्याचे नाव मात्र कालवा! ह्या शांततेविषयी, आणि ती शांतता आपल्याला नेमकी कोणाकडून मिळते ह्याविषयी, प्रस्तुत लेखात काही म्हणायचे आहे.

आरंभ नारायणगडापासून करणे सोयीचे. बीड जिल्ह्याबाहेरील वाचकांसाठी एवढे सांगायला हवे की, हा गड म्हणजे किल्ला नव्हे. येथे तट, बुरूज, तोफा ह्यांचा शोध घेणाऱ्याची निराशा होईल. टेकडीवरील हे वारकरी परंपरेचे संस्थान आहे आणि पंचक्रोशीत त्याला ‘धाकटी पंढरी’ म्हणतात. भगवानगडाची स्थापना करणारे भगवानबाबा हे मूळचे ह्याच गादीच्या परंपरेतले. आपल्याकडे ‘गड’ हा शब्द असा दोन्ही ठिकाणी चालतो : जिथून शत्रूवर नजर ठेवायची ती उंची आणि जिथे देवासमोर मान खाली घालायची तीही उंची. आषाढी-कार्तिकीला येथे रीघ लागते. २०२४ सालच्या दसऱ्याच्या मेळाव्याने तर गडाचे नाव साऱ्या महाराष्ट्रात पोचवले. परंतु एरवीच्या एखाद्या सकाळी गडावर उभे राहिले, तर दिसते ते विस्तीर्ण उघडे माळरान, त्यात अधूनमधून कडुनिंब आणि बाभळी, आणि उत्तरेकडे गोदावरीच्या दिशेने हळूहळू सपाट होत गेलेला मुलूख.

मराठी माणसाच्या प्रवासाची कल्पना बहुधा चढणीची असते. गड, घाट, डोंगरवाटा, दऱ्या ह्यांवर आपल्याकडे उदंड लेखन झाले. वारीची परंपरा सपाटीवरची असली तरी तिच्या मनात मुक्कामाचे गाव निश्चित असते. वाट ही गाठण्यासाठी असते. सपाट प्रदेश केवळ पाहण्यासाठी हिंडावा, त्यासाठी सायकलीसारखे मध्यम गतीचे वाहन घ्यावे, आणि पोचण्याला फारसे महत्त्व देऊ नये, ही गोष्ट आपल्या प्रवासवर्णनांत क्वचितच आढळते. आम्ही नारायणगडाहून उत्तरेस उतरून गेवराई तालुक्यात जातो आणि तिथे पैठणच्या उजव्या कालव्याचा काठ धरतो, तेव्हा गावकऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, “सर, इकडं कुणीकडं?” ‘कुणीकडे’ ह्या प्रश्नाला आमच्यापाशी आजही धड उत्तर नाही.

युरोपात मात्र ह्या प्रकाराची रीतसर परंपरा आहे. डॅन्यूबच्या काठाने पासाऊपासून व्हिएन्नापर्यंतचा सायकलमार्ग प्रसिद्ध आहे. फ्रान्समधील ‘कॅनाल द्यु मिदी’ हा १६८१ साली खुला झालेला, सुमारे २४० किलोमीटर लांबीचा कालवा. त्याच्या काठाने आज सायकलस्वार हिंडतात. मोटारींचा त्रास नाही, चढउतार नाही, बाजूला पाणी आणि डोक्यावर झाडांची सावली, असे त्याचे वर्णन केले जाते. मात्र त्या वाटा मुळात सहलीसाठी केलेल्या नव्हत्या. तेथील कालवे वाहतुकीचे. मालाने भरलेली नाव पाण्यात आणि तिला दोराने ओढणारा घोडा काठावर, अशी रचना असल्यामुळे काठाला सलग, सपाट वाट ठेवणे भागच होते. पुढे रेल्वे आली, घोडे गेले, आणि वाट उरली. ती सायकलींना मिळाली.

आमच्या कालव्याला घोडा कधीच नव्हता. येथे पाणी माल वाहून नेत नाही, पाणी हाच माल. तरीही काठाला वाट आहे, कारण त्या मालावर पहारा हवा. कालव्याच्या भरावावरून जाणारा हा कच्चा रस्ता पाटबंधारे खात्याच्या निरीक्षणासाठी आहे : अभियंत्याच्या जीपसाठी, पाटकऱ्याच्या सायकलीसाठी, आणि कुठे भराव खचला वा फुटला तर मुरूम घेऊन येणाऱ्या ट्रॅक्टरसाठी. एका काठावर ह्या रस्त्याची रुंदी बरी असते, तर दुसऱ्या काठावर पुष्कळदा बाभळी आणि घाणेरीच माजलेली असते. तो सार्वजनिक रस्ता नव्हे, म्हणून तो नकाशावर ठळक नाही, आणि म्हणूनच तो निर्वेध आहे. थोडक्यात, तिकडची वाट श्रमाच्या गरजेतून निर्माण झाली, इकडची संशयाच्या. पाणी चोरीला जाईल, ही धास्ती नसती तर आमच्या सायकलींना ही वाट मिळालीच नसती.

ह्या कालव्याचा इतिहासही एका नावापाशी अडखळतो. हैदराबाद राज्याच्या काळात गोदावरीवर बीड जिल्ह्यातील जायकुचीवाडी ह्या गावाजवळ धरण बांधण्याची कल्पना पुढे आली होती. त्या गावावरून योजनेला ‘जायकवाडी’ हे नाव पडले. पुढे राज्यांची पुनर्रचना झाली, फेरपाहणी झाली, आणि धरणाची जागा नदीच्या वरच्या अंगाला, पैठणला निश्चित झाली. १९६५ च्या ऑक्टोबरात लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९७६ च्या फेब्रुवारीत इंदिरा गांधींच्या हस्ते उद्‌घाटन. जलाशयाला ‘नाथसागर’ हे नाव मिळाले. धरण पैठणला गेले, परंतु योजनेच्या नावात बीडचे ते गाव राहून गेले. ज्या जिल्ह्याच्या वाट्याला धरणाचे नाव आले आणि धरण आले नाही, त्या जिल्ह्यात आम्ही राहतो. एवढे जरी विद्यार्थ्याने लक्षात ठेवले, तरी स्थलनामांचा अभ्यास कशासाठी करायचा हे वेगळे शिकवावे लागणार नाही.

धरणाला दोन कालवे. डावा २०८ किलोमीटरांचा, तो जालना-परभणीकडे जातो. उजवा १३२ किलोमीटरांचा. तो शेवगाव तालुक्यातून गेवराईत शिरतो आणि पुढे माजलगावच्या जलाशयात आपले पाणी सोडतो. माजलगावचे धरण सिंदफणा नदीवर असून ते १९८७ साली पूर्ण झाले. एका नदीचे पाणी दुसऱ्या नदीच्या पोटात नेऊन घालणारा हा कालवा आहे. गंमत अशी की, सिंदफणा पुढे मंजरथला गोदावरीलाच मिळते. पैठणला वळवलेले पाणी शिल्लक राहिलेच, तर एवढा मोठा वळसा घालून पुन्हा आपल्या घरी येते.

कालव्याच्या काठाने सायकल चालवणे म्हणजे काय, हे सायकल न चालवणाऱ्या वाचकाला सांगणे अवघड आहे. चढ लागत नाही, पण उतारही लागत नाही. काही हजार मीटरांमागे एखादा मीटर, इतकाच त्याला ढाळ. पायांना तो कळत नाही; पाण्याला मात्र कळतो. नदी उताराला शरण जाते, कालवा उतार टाळत टाळत जातो. समोर टेकाड आले की तो त्याला वळसा घालतो, ओढा आला की त्याला खालून वा वरून वाट करून देतो. शाळेत भूगोलाच्या पुस्तकात ‘समोच्च रेषा’ शिकलो होतो. ती कागदावरची तपकिरी रेघ प्रत्यक्ष पायांखाली येते ती येथे.

ही रेषा निरागस नाही, हे कळायला आम्हांला दोनतीन फेऱ्या लागल्या. गेवराईकडून पूर्वेला निघाले की, गोदावरी डाव्या हाताला राहते आणि नारायणगडाकडचा उंचवटा उजव्या हाताला. डाव्या हाताला उतार, म्हणून पाणी त्या बाजूला जाते : वितरिका, चाऱ्या, शेतचाऱ्या आणि त्यांच्या टोकाला ऊस, कापूस, गहू. उजव्या हाताला जमीन कालव्याच्या पातळीपेक्षा उंच, म्हणून तिथे पाणी स्वतःहून चढत नाही : तूर, बाजरी, पावसाने साथ दिली तर शाळू, नाहीतर रिकामे रान. मध्ये अंतर किती? कालव्याची रुंदी, एवढेच. एकाच गावातल्या, एकाच भावकीतल्या दोन भावांची जमीन अशी रेषेच्या दोहों बाजूंना असलेली आम्ही पाहिली आहे. अर्थात चित्र इतके सरळही नाही. वरच्या बाजूच्या शेतकऱ्यांनी मोटारी टाकून, पाइप आडवे घालून पाणी वर चढवलेले दिसते. आणि खालच्या बाजूला पाझरामुळे काही जमिनी चिबड झालेल्याही दिसतात. जास्त पाण्याने नासलेले रान आणि पाण्यावाचून पडलेले रान एकमेकांच्या समोरासमोर उभी असतात.

एका पाटकऱ्याशी आमची ओळख झाली. निवृत्तीला आलेला गृहस्थ, सायकल बावीस इंची, कॅरिअरला बॅटरी आणि काठी. त्यांना आम्ही विचारले, “मामा, हे काम अवघड कशानं होतं?” ते म्हणाले, “पाणी असलं की अवघड. नसलं की कालव्याला कोण इचारतंय?” हे उत्तर आम्ही पुष्कळ दिवस मनात घोळवले. आवर्तन चालू असताना टोकाच्या शेतकऱ्याला पाणी पोचत नाही, मधला मोरी उघडतो, रात्री भांडणे होतात. म्हणजे शब्दाचा दुसरा अर्थ येथे जागा होतो आणि कालव्यावर कालवा होतो. आवर्तन संपले की नुसता चर उरतो, त्यात शेळ्या उतरतात. आणि धरणातच पाणी नसेल तर? मराठवाड्यात हा प्रश्न कल्पनेतला नाही. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले होते. वरच्या अंगाच्या नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला किती पाणी सोडावे, हा वाद प्राधिकरणापासून उच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. कोरड्या कालव्याच्या काठाने आम्ही सायकली चालवल्या आहेत. वाट तीच, सपाटी तीच, निर्वेधताही तीच; पण मन रमत नाही. ह्याचा अर्थ आम्हांला शांतता हवी असते ती पाण्याच्या सोबतीची.

कालव्याऐवजी थेट गोदावरीचाच काठ का धरू नये, असे कोणी विचारील. साहित्याच्या विद्यार्थ्याला मोह होईल तो खरे तर त्याच काठाचा. हाल सातवाहनाच्या नावे असलेल्या ‘गाथासप्तशती’त ही नदी पुनःपुन्हा येते आणि तिच्या काठचे कुंज प्रेमिकांच्या संकेतस्थळांसाठी येतात. गेवराई तालुक्यातील राक्षसभुवनाजवळ १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्यांनी निजामाचा पराभव केला. त्याच तालुक्यात गोदातीरी पांचाळेश्वर आहे, महानुभावांचे आत्मतीर्थ. परंतु आज नदीकाठच्या वाटा वाळूच्या हायवांनी व्यापल्या आहेत. रात्री-अपरात्री भरधाव जाणारी ती वाहने, उखडलेले रस्ते आणि पात्रात पडलेले खड्डे पाहिले की, सायकलस्वाराने तिथे न जाणेच बरे. ज्या नदीकाठाने मराठी वाङ्मय पायी चालत आले, तो काठ आज पायी चालण्याजोगा उरलेला नाही, आणि ज्याला वाङ्मयात काहीच स्थान नाही तो कालवा मात्र चालण्याजोगा आहे!

पांचाळेश्वराचा उल्लेख केवळ ओघाने केलेला नाही. महानुभावांच्या आचारधर्मात ‘अटन’ आणि ‘विजन’ हे दोन शब्द जोडीने येतात. अटन म्हणजे हिंडणे, एका जागी आसक्ती जडू न देता चालत राहणे. विजन म्हणजे जिथे माणसांचा राबता नाही अशा स्थळी एकांतात बसणे. ‘लीळाचरित्रा’चा मोठा भाग हा हिंडण्याचाच वृत्तान्त आहे आणि ‘स्थानपोथी’ तर चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले, बसले, त्या जागांची दिशांसह नोंद करणारा ग्रंथ. एखाद्या देवळाच्या कोणत्या बाजूला, कोणत्या झाडापाशी, इतक्या बारकाव्याने ती नोंद होते. आधुनिक सायकलस्वार ज्याला वाहतूकमुक्त मार्ग म्हणतो, त्याला आमच्या भाषेत सातशे वर्षांपूर्वीचा शब्द आहे, असे आम्ही सुरुवातीला कौतुकाने म्हणत असू. अटन सायकलीवरून आणि विजन कालव्याकाठी.

तथापि ‘विजन’ ह्या शब्दातूनच ‘विजनवास’ हा शब्द होतो. आमच्या फेऱ्या बहुधा दिवाळीच्या सुटीत आणि नंतर माघापर्यंतच्या रविवारी होतात. ऊन सौम्य असते, रब्बीचे आवर्तन सुटलेले असते, शाळू पोटरीत असतो, खंड्या आणि वेडे राघू तारांवर बसलेले असतात. उजव्या हाताची गावे ह्या दिवसांत विलक्षण शांत असतात. पारावर दोनचार म्हातारी माणसे, एखादे अंगणात खेळणारे पोर, पुष्कळशा दारांना कुलपे. ही शांतता निसर्गदत्त नव्हे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमांचे ट्रक आणि ट्रॅक्टर येतात आणि ऊसतोडीला निघालेली कुटुंबे उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे जातात; ती परततात पाडव्याच्या आगेमागे. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, हा ह्या धंद्यातला हिशेब. जोडप्याला अवजाराचे नाव देणारी ही भाषा आम्ही वर्गात ‘लक्षणा’ शिकवताना उदाहरण म्हणून द्यावी की नाही, ह्याचा आम्हांला अजून निर्णय करता आलेला नाही.

म्हणजे ज्या महिन्यांत ही वाट आम्हांला सर्वाधिक निर्जन आणि रमणीय वाटते, नेमक्या त्याच महिन्यांत तिच्या वरच्या अंगाची माणसे शेकडो किलोमीटरांवर दुसऱ्याच्या कालव्याखालचा ऊस तोडत असतात. आणि डाव्या हाताला, हाकेच्या अंतरावर, ऊस उभा असतोच. कालव्याची ती रेषा केवळ ओलिताची आणि जिरायतीची सीमा नाही. कोण घरी राहणार आणि कोण जाणार, हेही बऱ्याच अंशी तीच ठरवते. आमच्या वर्गातील काही विद्यार्थी दिवाळीनंतर दिसेनासे होतात आणि परीक्षेच्या तोंडावर पुन्हा उगवतात. हजेरीपटावरची ती रिकामी घरे आम्हांला आता कालव्याच्या उजव्या काठासारखी दिसतात.

ह्या मुद्द्यावर आम्हां दोघांत मतभेद आहे आणि तो येथे नोंदवणे प्रामाणिकपणाचे होईल. आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे की, ह्या वाटेविषयी लिहावे, लोकांना बोलवावे. चार सायकलस्वार आले तर चहाची टपरी चालेल, पंक्चरचे दुकान निघेल, सीताफळे आणि हुरडा विकला जाईल, आणि कदाचित एखादे घर ऊसतोडीला न जाता गावात राहील. दुसऱ्याचे म्हणणे असे की, चार टपऱ्यांनी हा प्रश्न सुटत नाही. उलट ज्या शांततेमागे माणसांचे नसणे आहे तिलाच आपण विक्रीला काढू. शहरातला माणूस येईल, पाण्याचे छायाचित्र काढील, आणि उजवीकडे बघणारही नाही. पहिला म्हणतो, न येण्याने तरी कोण बघते आहे? हा वाद माजलगावपर्यंत पुरतो आणि परतीच्या वाटेवरही शिल्लक राहतो.

एका गोष्टीविषयी मात्र आमचे एकमत आहे. सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमारास ह्या वाटेवर आमच्याखेरीज आणखी सायकली दिसतात. त्या शाळेला निघालेल्या मुलींच्या. शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून दूरच्या मुलींना सायकली मिळतात. त्यांतल्या काही ह्या वाटेवर आम्ही पाहिल्या. हमरस्त्यावर ट्रक, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, टवाळखोर पोरे. म्हणून आईबापच सांगतात, कालव्यानं जा. आम्ही एकीला विचारले, तर ती म्हणाली, “इथून लांब पडतं, पण नीट जाता येतं.” तिघी-चौघी मिळून, दप्तरे कॅरिअरला अडकवून, मोठमोठ्याने गप्पा मारीत त्या आम्हांला मागे टाकून जातात. त्यांच्या लेखी ही वाट अटनाची नाही आणि विजनाची तर मुळीच नाही. ती शाळेची आहे. तिची मुरूम टाकून डागडुजी व्हावी, काठाची बाभूळ छाटली जावी, आणि जिथे भराव खचला आहे तिथे कठडा बसवावा, एवढी मागणी कोणाकडे करायची तर ती ह्या मुलींच्या नावाने करावी. सायकलस्वारांच्या नावाने नव्हे.

आता ‘स्थानपोथी’ शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना एक लहानसे काम देतो. आपल्या घराचे, शेताचे स्थान त्या ग्रंथाच्या रीतीने दिशांसह लिहा : देवळाच्या कोणत्या अंगाला, ओढ्याच्या कोणत्या काठाला, कालव्याच्या वर की खाली. बहुतेकांच्या चार ओळी होतात. गेल्या वर्षी नारायणगडाच्या बाजूच्या एका विद्यार्थ्याने सर्व दिशा व्यवस्थित लिहून शेवटी लिहिले होते की, कालवा आमच्या शिवारापर्यंत येतच नाही, तेव्हा वर की खाली हा प्रश्न आम्हांला लागू नाही. त्याला आम्ही पूर्ण गुण दिले.